पाव वळसा

"...म्हणजे पुन्हा गेला तर नुसता पत्राच बदलू, का इंजिनच उतरवू? एवढं सांगा, उस्ताद. बाकीचं मी बघतो."

दर्ग्याच्या पायरीवर बसून बाबालाल उस्ताद आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होते. हात थरथरायचे, त्यामुळे सुई चामड्यात कमी आणि बोटात जास्त जात होती.

"उस्ताद, मी काय विचारतोय?"

"ऐकलं की. च्या घेणार?"

पिराजीने कपाळाला हात लावला. कोल्हापुरातलं आपलं चालतं गॅरेज बंद ठेवून माणूस इतक्या लांब येतो, आणि त्याला विचारतात काय, तर च्या घेणार?

एके काळी मोटारीच्या कामात बाबालाल उस्ताद म्हणजे शेवटचा शब्द होता. हात कापायला लागले तसं त्यांनी गॅरेज मोडलं आणि बोरखिंड घाटाच्या पायथ्याला, पिराच्या दर्ग्यात येऊन राहिले. सकाळी झाडलोट, संध्याकाळी दिवा, आणि मधल्या वेळात घाटात तापून आलेल्या गाड्यांना पाणी.

पिराजी त्यांचा चेला. चेला म्हणवून घ्यायचे आपले दिवस संपले, असं त्याचं स्वतःचं मत होतं. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आता कोणी नव्हता, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. तो स्वतःच सांगायचा.

तरी तो आज आला होता. अडला नारायण म्हणतात तशी गत.

पायरीसमोर काळी, जुनी विलायती मोटर उभी होती. माईसाहेबांची. त्यांच्या डॉक्टर यजमानांनी लग्नाच्या वर्षी घेतलेली. यजमान गेले, मोटर राहिली, आणि तिच्यासोबत पिराजी राहिला. मोटर तोच दुरुस्त करी आणि तोच चालवी.

"कितींदा गेला पत्रा?"

"मोजायचं सोडलं मी. आत्ता हाय त्यो नवाच हाय, पर त्योबी जाणार."

पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. इंजिनाचं धड आणि त्यावरचं डोकं यांच्यामध्ये बसवलेला तांब्याचा पातळ पत्रा. एका बाजूने आग खेळत असते, शेजारून पाणी वाहत असतं, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. तो फाटला की पाणी आगीत शिरतं आणि इंजिन जागच्या जागी मान टाकतं.

"हेड?"

"घासून आणलंय. आरसा हाय आरसा. तोंड बघून घ्या त्यात."

"रेडिएटर?"

"नवा."

"नट?"

"टॉर्क पान्यानं आवळल्यात. मधनं सुरुवात, कडंला शेवट. तुम्हीच शिकवलंय."

"म्हंजे समदं बरोबर हाय."

"समदं बरोबर हाय, उस्ताद."

"आन् पत्रा जातोय."

"...जातोय."

उस्तादांनी दोरा दातांनी तोडला. चपलेत पाय घालून बघितला.

"घाट कवा चढायचाय?"

"बेस्तरवारी. माईसाहेबांना घिऊन."

हे सांगताना पिराजीचा आवाज खाली आला.

घाटाच्या वर माईसाहेबांची थोरली बहीण राहत होती. ताराक्का. अंथरुणाला खिळलेली. डोळे गेले होते, माणसं ओळखू येत नव्हती, पोटच्या लेकालाही ती "कोण रे बाबा तू" म्हणायची. मात्र या मोटारीचा हॉर्न ऐकला की उठून बसायचा प्रयत्न करी आणि म्हणे, "धाकटी आली." दुसऱ्या गाडीतून जाऊन माईसाहेबांना तिथे परकी बाई व्हायचं नव्हतं. आणि आता ताराक्काचे फार दिवस राहिले नव्हते.

"पिराजी चालवतोय म्हटल्यावर मला कसली रे भीती!" माईसाहेब जो भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या.

ते ऐकलं की पिराजी उगीच बॉनेट उघडून बघायला जायचा.

"चल," उस्ताद उठले. "मला जरा घाटात फिरवून आण."

"आत्ता?"

"मग काय मेल्यावर?"

पिराजीला नाही म्हणता येईना. त्याने सीटखालून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला लांब दांड्याचा पाना काढला, बॉनेट उघडलं, आणि हेडच्या एकेका नटाला पाना लावून अंगाचा भार टाकला. लोखंड कर्र करायचं, मग तो पुढच्या नटाकडे वळायचा.

उस्ताद बाजूला उभे राहून बघत होते.

"टॉर्क पाना टक् वाजला न्हवता काय? टक् म्हंजे बास."

"वाजलावता की. हे आपलं मनाच्या समाधानासाठी. पाव वळसा."

"झालं समाधान?"

पिराजी हसला. "झालं."

गाडी घाटाला लागली. थंडीचे दिवस होते, दरीतून धुकं वर चढत होतं. पहिली दोन वळणं बरी गेली. पिराजीचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर होता. काटा हलत नव्हता. तो हलत नाही याचीच त्याला धास्ती वाटत होती.

देवीच्या देवळाशी त्याने गाडी थांबवली.

"का थांबलास?"

"जरा... बघतो."

बॉनेट वर गेलं. पिवळं फडकं सुटलं. पुन्हा तीच कर्र. उस्ताद खिडकीतून बघत राहिले.

पुढे चढ उभा होता. डावीकडे कातळ, उजवीकडे काही नाही. वळणावर कडेला एक बुटका, चुना लावलेला धोंडा होता, आणि धोंड्याच्या पलीकडे नुसतं पांढरं धुकं. त्या वळणाजवळ आल्यावर पिराजीने गिअर उतरवला. स्टिअरिंग घामाने निसटायला लागलं. उकळत्या पाण्याचा गोडूस वास त्याच्या नाकात शिरला आणि त्याला वाटलं, हा भास आहे. आपल्याला इथे नेहमीच हा वास येतो.

भास नव्हता.

खालून फस्स आवाज झाला आणि समोरची काच पांढरी झाली. रस्ता गेला, कातळ गेला, धोंडा गेला. इंजिन दोन उचक्या देऊन मेलं. गाडी हळूच मागे सरकायला लागली.

पिराजीने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. हँडब्रेक ओढला. किती वेळ तो तसाच बसला होता कोण जाणे.

वाफ विरली तेव्हा त्याने शेजारी बघितलं. उस्ताद खाली वाकून सीटखाली गेलेली चप्पल पायाने शोधत होते.

"आत्ताच शिवलीवती," ते म्हणाले. "पुन्हा तुटली."

पिराजी उतरला आणि त्या धोंड्यावर जाऊन बसला. उस्ताद त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"उस्ताद... पहिला पत्रा हितंच गेलावता."

"बरं."

"मागं माईसाहेब बसल्यात. आन् काच पांढरी. काय दिसंना. मी ब्रेक दाबायला गेलो तर पाय भलतीकडंच पडला. गाडी सरकत सरकत ह्या धोंड्याला येऊन टेकली. मागचं चाक बघितलं तर..." त्याने बोट दरीकडे केलं.

उस्तादांनी वाकून दरीत बघितलं. पिराजी बोलतच होता.

"माईसाहेब काय म्हणाल्या म्हाईत हाय? 'किती छान जागी थांबवलीस रे पिराजी, इथनं दरी काय सुंदर दिसते.' त्यांना वाटलं, मी थांबवली. समद्यांना सांगत फिरतात त्या. मी न्हवती थांबवली, उस्ताद. ह्या धोंड्यानं थांबवली."

"भ्यालास म्हण की."

"भ्यालो न्हाई!" पिराजी ताडकन उठला. "काळजी वाटती. परक्याचा जीव हाय. काळजी घ्यायला नको?"

"काळजी..." उस्ताद म्हणाले, आणि धोंड्याला हात लावून गाडीकडे निघाले.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हात लावला, गाडी फिरवली, आणि उतारावरून ती ब्रेकच्या जिवावर दर्ग्यापाशी परत आली. तो सगळा उतार पिराजीने श्वास धरून उतरला.

दुपारी इंजिन निवल्यावर हेड उघडलं. तांब्याचा पत्रा दोन सिलिंडरच्या मधोमध जळून काळा झाला होता.

"बघा!" पिराजी म्हणाला. "मालच खराब येतोय हल्ली."

"ब्लॉकचं तोंड बघितलंस?" ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड.

"दर टायमाला पुसून बघतोय."

"स्टड काढून?"

ब्लॉकच्या सपाट तोंडावर लोखंडी दांडे उभे असतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यांच्यावरून हेड खाली सरकवायचं आणि वरून नट आवळायचे. हे दांडे उभे असेपर्यंत तोंडावर पट्टी आडवी ठेवता येत नाही. ते सपाट आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही.

"स्टड काढायची गरज न्हाई वाटली मला."

"गरज न्हाई, का धीर न्हाई?"

"जुनं लोखंड हाय, उस्ताद. एखादा आतल्या आत मोडला तर ब्लॉक गेला. असला ब्लॉक आता मिळायचा न्हाई कुठं. गाडी संपली. माईसाहेबांना काय तोंड दाखवू?"

उस्तादांनी डिझेलची बाटली आणली आणि थरथरत्या हाताने प्रत्येक स्टडच्या बुडाशी थोडं थोडं ओतलं. निम्मं बाहेर सांडलं.

"रातभर पिऊ दे त्यास्नी. सकाळी काढ."

"तुम्ही काढा, उस्ताद."

उस्तादांनी आपला हात त्याच्यासमोर धरला. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती. पिराजीने मान खाली घातली.

सकाळी त्याने पहिल्या स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून पक्के केले आणि खालच्या नटाला पाना लावला. जोर दिला. स्टड हलेना. आणखी जोर दिला. लोखंडातून बारीक किंकाळीसारखा आवाज आला आणि पिराजीचा हात आपोआप मागे आला.

"मोडतोय!"

"मोडू दे."

"उस्ताद!"

"मोडला तर मोडला. त्यो आत हाय तवर तुला कळणार काय?"

पिराजीने डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायचं त्याला सुचलं नाही. सुचलं ते माईसाहेबांचं तोंड. त्याने सावकाश, पुढे थोडं, मागे थोडं असं करत पाना फिरवला. किंकाळी आली, थांबली, पुन्हा आली... आणि स्टड सुटला. त्याने तो हातात घेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते डिझेलच्या वासाने आलं असं त्याने स्वतःलाच बजावलं.

एकेक करून सगळे निघाले. एकही मोडला नाही.

उस्तादांनी एका जुन्या ट्रकची जाड सपाट काच काढली आणि शेंदराची डबी उघडली. कोपऱ्यावरच्या मारुतीला जातो तोच शेंदूर. तेलात कालवून त्यांनी तो काचेला अगदी पातळ पुसला.

"ठेव ब्लॉकच्या तोंडावर. जरा हलव. उचल."

पिराजीने काच उचलली.

लोखंड सपाट असतं तर शेंदूर सगळीकडे सारखा लागला असता. तसा तो लागला नव्हता. मधली सगळी जागा कोरडी होती. फक्त स्टडच्या प्रत्येक भोकाभोवती एक लालभडक कडं उमटलं होतं. जिथे जिथे नट होता, तिथे तिथे.

पिराजीने बोटाने चाचपून बघितलं. भोकाभोवतीचं लोखंड वर आलं होतं. डोळ्याला दिसणार नाही एवढंच, पण आलं होतं. वरून नट जास्त आवळला की स्टड वर खेचला जातो आणि आपल्याबरोबर बुडाचं लोखंडही ओढतो. मग हेड त्या उंचवट्यांवरच टेकतं, मधे पत्रा सैल राहतो, आणि आगीला तेवढी फट पुरते.

"हे कुणी केलं असंल..." पिराजी पुटपुटला. आणि मग त्याला पिवळं फडकं दिसलं. बाजूलाच पडलं होतं.

त्याचा चेहरा उतरला. गॅरेजमध्ये आवळलं, माईसाहेबांच्या दारात आवळलं, पायथ्याला आवळलं, देवळाशी आवळलं. पत्रा गेला की नव्या पत्र्यावर त्याहून जास्त आवळलं.

"पयला पत्रा म्हातारा हुन गेलावता," उस्ताद म्हणाले. "बाकीचं तू मारलंस."

पिराजी ड्रिल शोधायला उठला.

मग तो कामाला लागला. जाड ड्रिल हातानेच फिरवून त्याने भोकांच्या कडा मोडल्या, दगडाने उंचवटे घासले, पुन्हा काच ठेवली, पुन्हा घासलं. शेवटी शेंदूर सगळीकडे सारखा लागला, तेव्हा उस्तादांनी नुसती मान हलवली. स्टड बसले, नवा पत्रा बसला, हेड बसलं. टॉर्क पाना प्रत्येक नटावर टक् वाजला.

शेवटच्या नटाशी टक् झालं आणि पिराजीचा हात लांब पान्याकडे गेला. तो गेला हे त्याला कळलंसुद्धा नाही. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. धरणारा हात थरथरत होता, तरी पिराजीचा हात जागेवर थांबला.

"एकदा गरम कर, पुरी गार होऊ दे, मग टॉर्क पान्यानं एक फेरी. बास. त्येच्या पुढं हात लावायचा न्हाई."

"आन् हा लांब पाना?"

"हितं ऱ्हाऊ दे."

उस्तादांनी तो फडक्यासकट नेला आणि पिराच्या दिव्याशेजारच्या खिळ्याला अडकवला.

बेस्तरवारी सकाळी काळी मोटर दर्ग्यापाशी आली. मागच्या सीटवर माईसाहेब होत्या, नवी शाल पांघरून, मांडीवर बहिणीसाठी करंज्यांचा डबा घेऊन. घाट समोर होता आणि वर धुकं होतं.

पिराजीने गाडी थांबवली.

"थांबलास का रे? पिराला नमस्कार करायला?" माईसाहेब म्हणाल्या. "कर हो, कर. चांगलं असतं."

तो आत आला. उस्ताद दिव्याची काच पुसत होते.

"उस्ताद... पाना."

"गाडी तापलीया?"

"न्हाई."

"पाणी उतारलंय?"

"न्हाई. काठोकाठ हाय."

"आवाज येतोय कसला?"

"...न्हाई."

"खिळ्याला हाय पाना. घे."

पिराजीने हात वर केला. फडक्याला बोटं लागली. बाहेर माईसाहेबांनी पुढे वाकून हॉर्न दाबून बघितला. घोगरा, लांब आवाज घाटात घुमला.

"पिराजी, एवढा ऐकू जाईल ना रे ताराक्काला?"

हात तसाच वर राहिला. किती महिने गिळलेला शब्द एकदाचा बाहेर पडला.

"भ्या वाटतंय, उस्ताद."

उस्तादांनी काच दिव्यावर बसवली. ती हलू नये म्हणून नुसती टेकवली, दाबली नाही.

"वाटू दे की. त्येला आवळायला नट नसतोय."